निळ्या गोळीची जन्मकथा

मुलांनो, पुष्कळ शाळांत आठवड्यातून एकदा एक छोटीशी निळी गोळी वाटली जाते. कदाचित तुमच्याही वर्गात वाटत असतील. शिक्षक सांगतात, "जेवण झाल्यावर, माझ्यासमोर घ्या." कोणी निमूटपणे गिळतो. कोणी तोंड वाकडे करतो. कोणी ती जिभेखाली लपवतो आणि तास संपला की खिडकीबाहेर फेकतो. खरे सांगा, तुम्ही यांपैकी कोण?

ज्यांच्या शाळेत ही गोळी मिळत नाही, त्यांनी घरी विचारून पाहावे. अम्मी, खाला किंवा मोठी बहीण गरोदर असताना तिला दवाखान्यातून लाल गोळ्या मिळाल्या असतील. रंग निराळा, पण आतली औषधे तीच दोन. एक लोह आणि दुसरे फॉलिक ॲसिड. लोहाचे नाव तुम्ही ऐकलेले आहे. फॉलिक ॲसिड मात्र गोळीत अवघे अर्धा मिलिग्रॅम असते, म्हणजे साखरेच्या एका दाण्याएवढे. या इवल्याशा औषधाची कथा मुंबईत, परळला सुरू होते. ज्यांच्यामुळे ती सुरू झाली त्या बायका गरीब होत्या, आजारी होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी मुसलमान घरांतल्या होत्या.

परळला हाफकिन संस्था आहे. मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगवर लस तयार केली. त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला हाफकिनचे नाव मिळाले. त्या काळी परळ आणि लालबाग म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. पहाटे भोंगा वाजला की हजारो कामगार गिरणीची वाट धरत. त्यांत स्त्रियाही असत.

याच भागात, १९२८ साली, लंडनच्या रुग्णालयातून एक डॉक्टर आल्या. त्यांचे नाव लूसी विल्स. त्यांचा जन्म १८८८ चा. आधी त्यांनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून घेतले होते, आणि मग वैद्यकाकडे वळून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या वेळी भारतात बाळंतपणात फार स्त्रिया दगावत. त्या का दगावतात याची चौकशी सुरू झाली होती. मार्गारेट बालफोर या डॉक्टरबाईंनी विल्सबाईंना त्या कामासाठी बोलावले. खर्चाचा काही भार लेडी टाटा स्मारक निधीने उचलला.

आता तो आजार समजून घेऊ. गरोदर स्त्री हळूहळू पांढरी पडू लागते. जिना चढताना धाप लागते. पाय सुजतात. जीभ लाल होऊन दुखते, जेवण जात नाही. हा रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या फुफ्फुसांतून प्राणवायू घेतात आणि सर्व शरीराला पोचवतात. त्या कमी झाल्या की शरीराला प्राणवायू कमी पडतो. रक्तक्षयाचे प्रकार अनेक आहेत. लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. पण विल्सबाईंनी या रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दिसले ते अगदी उलट. पेशी संख्येने थोड्या होत्या, पण आकाराने मोठ्या होत्या. लोह देऊन हा आजार बरा होत नसे. बरे न होता बाळंतपणाची वेळ आली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असे.

मोठ्या पेशींचा एक आजार डॉक्टरांना ठाऊक होता. त्याला घातक रक्तक्षय म्हणत. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या दोघांनी १९२६ मध्ये दाखवले होते की, अशा रोग्याला रोज भरपूर कलेजी खायला घातली तर तो वाचतो. पण तो आजार बहुधा वयस्कर माणसांना होई. मुंबईच्या रुग्ण तर तरुण स्त्रिया होत्या. मग हा आजार तोच, की दुसरा?

इथे विल्सबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला तरी या प्रश्नातच दिसते. त्यांनी विचारले, या बायका काय खातात?

तुम्हांला वाटेल, यात विशेष ते काय! पण विचार करा. रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरला रोग्याची जीभ दिसते, नाडी दिसते, रक्त दिसते. त्याची चूल दिसत नाही. त्यासाठी रुग्णालयाबाहेर पाहावे लागते. विल्सबाई आणि त्यांचे सहकारी एस. एन. तळपदे यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचे जेवण आणि राहणीमान यांची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या बायकांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार सर्वांत जास्त. आणि त्यांत गरीब मुसलमान स्त्रिया पुढे होत्या.

हे वाचून तुम्ही थबकला असाल. नीट वाचा, आजाराचे कारण धर्म नव्हता. त्याच शहरातील खात्यापित्या घरच्या स्त्रियांना तो क्वचितच होई. ताटात फळे नाहीत, हिरवी भाजी नाही, सकस असे फारसे काहीच नाही, हे त्याचे कारण होते. तुमच्या आमच्या घरांत आजही एक रीत दिसते. आधी पुरुष जेवतात, मग मुले, आणि शेवटी उरलेले आई खाते. जिथे मुळातच थोडे शिजते, तिथे शेवटी काय उरत असेल? आणि पोटात बाळ असेल तर त्याच उरलेल्यात दोन जीव जगवायचे असतात.

पण नुसता संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. गरीब घरात हवाही कोंदट असते, रोगजंतूही जास्त असतात. मग दोष जेवणाचा, हवेचा, की जंतूंचा? म्हणून विल्सबाईंनी उंदरांवर प्रयोग केला. पांढऱ्या उंदरांच्या गाभण माद्यांना त्यांनी या गरीब बायकांच्या जेवणासारखे जेवण दिले. माद्यांना रक्तक्षय झाला. पुष्कळशा तर पिले होण्याआधीच मेल्या. मग त्याच जेवणात यीस्ट घातले. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे किण्व. यीस्ट मिळालेल्या माद्या आजारी पडल्या नाहीत.

गंमत पुढे आहे. नंतर लक्षात आले की उंदरांच्या रक्तक्षयात उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता! म्हणजे उंदरांचा आजार आणि बायकांचा आजार अगदी एकसारखा नव्हता. प्रयोग थोडा फसला होता. तरी त्यातून मिळालेला यीस्टचा धागा खरा निघाला. पाठ्यपुस्तकात शास्त्राचा रस्ता सरळ दिसतो, पण प्रत्यक्षात तो असा वाकडातिकडा जातो.

आता रुग्णालयातील खरी परीक्षा आली. रोग्यावर औषध तपासताना डॉक्टरला स्वतःच्या उत्साहाला आवर घालावा लागतो. समजा, एकाच दिवशी रोग्याला नवे औषध दिले, दूध दिले, अंडी दिली, आणि तो बरा झाला. मग श्रेय कोणाला द्यायचे? म्हणून आधी रक्त तपासून आकडे लिहून ठेवतात. बाकीचे जेवण बदलत नाहीत. एकच नवी वस्तू देतात आणि पुन्हा पुन्हा रक्त मोजतात. विल्सबाईंची वस्तू होती मार्माइट. हा यीस्टचा काळसर, दाट, खारट अर्क. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खात आणि बाटलीत भरून विकत. किंमत कलेजीच्या अर्कापेक्षा कमी. चव कशी असते म्हणाल तर ज्यांनी चाखली आहे ते सांगतात, एक तर ती फार आवडते, नाहीतर मुळीच नाही.

मार्माइट घेणाऱ्या स्त्रियांची भूक लवकरच परत आली. चौथ्या दिवसाच्या सुमारास रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढताना दिसू लागल्या. ज्या बाईला ताट समोर नकोसे होत होते, ती स्वतःहून जेवण मागू लागली. त्या वेळी सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या विल्सबाईंना काय वाटले असेल याची कल्पना तुम्हीच करा. त्यांनी हे निष्कर्ष १९३१ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. डॉक्टर असे लेख लिहितात तेव्हा रुग्णाचे नाव छापत नाहीत. वय, लक्षणे आणि रक्ताचे आकडे एवढेच छापतात. रोग्याची खाजगी गोष्ट जगासमोर जाऊ नये, म्हणून ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे असेही घडते की डॉक्टरचे नाव इतिहासात राहते, आणि ज्यांच्या रक्तावरून शोध लागला त्या बायका आकड्यांमागे उरतात.

१९३१ मध्ये विल्सबाईंनी मद्रासच्या 'कास्ट अँड गोशा' रुग्णालयातही काम केले. 'गोशा' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना? फारसीतून तो उर्दूत आला आणि मराठीत 'गोषा' झाला. गोषात राहणाऱ्या स्त्रियांना संकोच वाटू नये म्हणून ते रुग्णालय १८८५ मध्ये काढले होते. पुढे त्याला कस्तुरबा गांधींचे नाव देण्यात आले. पुरुष डॉक्टर नको म्हणून ज्या स्त्रिया घरातच सोसत राहत, त्यांच्यापर्यंत औषध पोचायचे तर स्त्री डॉक्टरच हवी होती.

मुंबईत बिलिमोरिया या सहकाऱ्याबरोबर विल्सबाईंनी माकडांनाही तसेच निकृष्ट जेवण देऊन पाहिले. माकडांच्या रक्तातही मोठ्या पेशींचा तोच रक्तक्षय दिसला. उंदरांच्या बाबतीत जी शंका राहिली होती ती इथे मिटली.

पण एक कोडे सुटत नव्हते. १९३७-३८ मध्ये विल्सबाई पुन्हा मुंबईला आल्या. तोपर्यंत कलेजीचा अर्क अधिकाधिक शुद्ध करण्याची पद्धत निघाली होती. घातक रक्तक्षयाच्या रोग्याला शुद्ध अर्काने उत्तम गुण येई. मुंबईच्या या रुग्णांना मात्र शुद्ध अर्काने गुण येत नसे. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला तर येई. औषध जितके शुद्ध तितके चांगले, असे आपल्याला वाटते. इथे तर उलटे झाले! विल्सबाईंनी अनुमान काढले की कलेजीत एक नव्हे, दोन गुणकारी घटक असले पाहिजेत. अर्क शुद्ध करताना त्यांतला एक निघून जातो, आणि मुंबईच्या बायकांना नेमका तोच हवा असतो. लोक त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले. आज आपल्याला माहीत आहे की शुद्ध अर्कात उरणारा घटक म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये वेगळे करता आले. दोन आजार दिसायला जुळे, पण त्यांची औषधे निराळी. हा फरक परळच्या रुग्णांमुळे कळला.

मग तो निसटणारा घटक कोणता? १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या तिघांनी चार टन पालक आणला. होय, पालकाची भाजी, चार टन! तिच्यातून त्यांनी एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत तो कृत्रिम रीतीने तयार झाला. तेथील संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे आंध्रातील भीमावरमचे. पुढे खात्री झाली की यीस्टमध्ये आणि कलेजीत जो घटक होता, तो याच कुळातला. ज्याच्या अभावी मुंबईच्या बायका मरत होत्या, ती वस्तू भाजीवालीच्या टोपलीत पानोपानी पडलेली होती.

फॉलिक ॲसिड शरीरात काय करते, तेही पाहू. आपल्या हाडांच्या पोकळीत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एका पेशीच्या दोन होतात, दोनच्या चार. प्रत्येक वेळी पेशीला आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते. त्या नकलेसाठी फॉलिक ॲसिड लागते. ते नसले तर पेशी वाढते, पण तिला वेळेवर दोन होता येत नाही. ती फुगून मोठी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्या मोठ्या पेशींचे रहस्य हेच. आईच्या पोटात तर बाळाच्या पेशी अहोरात्र दुप्पट होत असतात. म्हणून गरोदर स्त्रीला ते अधिक लागते. शरीरात त्याचा साठा काही महिनेच पुरतो, आणि भाजी फार वेळ शिजवली तर त्यातले बरेचसे नाहीसे होते.

विल्सबाईंचे १९६४ मध्ये निधन झाले. त्यांच्या घटकाचा आणखी एक गुण त्यांच्या पश्चात सिद्ध झाला. काही बाळांचा पाठीचा कणा किंवा कवटी जन्मतः नीट मिटलेली नसते. कणा मिटण्याचे काम गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच होते. तेव्हा पुष्कळदा आईला आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. ज्यांना आधी असे बाळ झाले होते, अशा स्त्रियांवर सात देशांतील ३३ केंद्रांत चाचणी झाली. काहींना फॉलिक ॲसिड दिले, काहींना दिले नाही. कोणाला काय मिळते आहे हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते, म्हणजे कोणाच्या मनाचा कल निकालात मिसळणार नव्हता. फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये हा दोष ७२ टक्क्यांनी कमी झाला. फायदा इतका उघड होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली. बाकीच्या स्त्रियांना ते न देणे अन्यायाचे झाले असते. ही १९९१ ची गोष्ट.

आता पुन्हा आपल्या निळ्या गोळीकडे येऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. तुमच्या बाकावर तीन मुली बसत असतील तर हिशेब करून पाहा. यांतल्या पुष्कळ मुलींना लोहाची उणीव असते, म्हणून गोळीत लोह ६० मिलिग्रॅम आणि सोबत अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घातलेले आहे. ती मुलग्यांनाही देतात. वाढत्या वयात त्यांनाही रक्त लागतेच.

गोळी घेतल्यावर पोटात ढवळते, म्हणून काहीजण ती टाळतात. ही तक्रार खोटी नाही. लोहाने असे होऊ शकते, विशेषतः रिकाम्या पोटी. म्हणून ती जेवणानंतर घ्यावी आणि वर भरपूर पाणी प्यावे. लगेच चहा मात्र पिऊ नये, कारण चहामुळे लोह शरीरात कमी मुरते. लिंबू चालेल, त्याने ते अधिक मुरते. दुसऱ्या दिवशी शौचाचा रंग काळपट दिसला तर घाबरू नका. तो लोहाचा रंग आहे. पण त्रास फार होत असेल तर गोळी गुपचूप फेकू नका. शिक्षकांना किंवा डॉक्टरांना सांगा. आणि एकदम दोन-चार गोळ्याही कधी घेऊ नका.

स्वाध्याय

१. लूसी विल्स यांनी रुग्णांच्या जेवणाची चौकशी का केली?
२. उंदरांवरील प्रयोगात कोणती अडचण निघाली? ती माकडांमुळे कशी दूर झाली?
३. कलेजीच्या शुद्ध अर्काने मुंबईच्या रुग्णांना गुण का येत नसे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'गोशा' आणि 'गोषा' यांसारखे उर्दू व मराठीत थोड्या फरकाने येणारे पाच शब्द शोधा.
५. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते आणि तेव्हा ताटात काय असते, हे एक आठवडाभर पाहा. त्यावर आठ-दहा ओळी लिहा.